बंद, निकाल, साफ

पाणीपुरवठा कार्यालयाच्या तक्रार खिडकीमागे बसणाऱ्या बाईंना सगळं ऑफिस शून्यताई म्हणायचं, आणि हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. नाव ठेवणाऱ्यांना वाटायचं, आपण पाठीमागे चेष्टा करतोय. ताईंना वाटायचं, करा बापड्यांनो. ज्या गोष्टीचा आपल्याला अभिमान आहे तिच्यावरून कोणी चिडवलं तर ते फारसं लागत नाही.

शून्याची भानगड अशी होती. मतदानाच्या दिवशी सकाळी, खरं मतदान सुरू होण्याआधी, मशीनवर सरावाचं मतदान घ्यावं लागतं. उमेदवारांचे एजंट समोर बसलेले असतात. त्यांच्यादेखत बटणं दाबायची, प्रत्येक उमेदवाराला सारखी मतं टाकायची आणि मशीन बरोबर मोजतंय हे दाखवायचं. मग तीन बटणं ओळीने: बंद, निकाल, साफ. मशीन पुन्हा कोरं. बहुतेक केंद्राध्यक्ष हे काम उरकून टाकतात. शून्यताईंचं तसं नव्हतं. साफ केल्यावर त्या एकेका एजंटाला जवळ बोलवायच्या. "या, वाकून बघा. चष्मा असेल तर लावा. किती दिसतंय?" त्याच्या तोंडून "शून्य" वदवून घेतल्याशिवाय त्याला जागेवर जाऊ द्यायच्या नाहीत. एकदा एक एजंट जांभया देत "हो हो, शून्य" म्हणाला, तर त्याला त्यांनी तोंड धुऊन यायला लावलं होतं. तेव्हापासून हे नाव चिकटलं.

निवडणुकीची ड्युटी टाळायला लोक आजारपणाचे दाखले आणतात, ओळखी लावतात, ऐनवेळी सासूला आजारी पाडतात. ही बाई मात्र आपणहून नाव द्यायची. "आ बैल, मला मार!" ऑफिसातले लोक म्हणायचे. त्यांनी ताईंचं घर पाहिलेलं नव्हतं, म्हणून म्हणायचे.

तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. आई होती तोवर तिच्या खोकण्याचा, भांडी आपटण्याचा, "दार लावलंस का गं" विचारण्याचा आवाज असायचा. आई गेली आणि दोनपैकी एक खोली नुसती झाडण्यापुरती उरली. घराला दोन किल्ल्या होत्या. दोन्ही ताईंच्याच पर्समध्ये असायच्या, कारण दुसरी ठेवायला देणार कोणाकडे? घरी आल्यावर त्या आधी रेडिओ लावायच्या आणि मग दिवा. ऑफिसात माणसं यायची, नाही असं नाही, पण ती खिडकीशी यायची आणि चिडूनच यायची. नळाला पाणी नाही, बिल दुप्पट आलं, तुम्ही लोक झोपा काढता. मतदानाच्या दिवशी मात्र तीच माणसं बरे कपडे घालून यायची, हळू आवाजात बोलायची आणि जाताना ताईंकडे बघून हसायची. पाण्याबद्दल कोणी अवाक्षर काढायचं नाही. शिवाय आदल्या दिवशी शाळेच्या वर्गात बाकं सरकवणं, कागद डकवणं, चार अनोळखी माणसांनी एका थर्मासमधला चहा वाटून घेणं. खरं सांगायचं तर ताईंना माणसांत राहणं असं जे काही मिळालं, ते सरकारी आदेशाने मिळालं.

तसा त्यांना एक भाऊ होता. होता म्हणजे आहे. त्याच शहरात, बसच्या एका तिकिटावर.

दादाचं घड्याळदुरुस्तीचं दुकान. यंत्र उघडून आतली चाकं बघितल्याशिवाय त्याचा कशावर विश्वास बसायचा नाही. बायकोने नवा मिक्सर आणला तरी हा आधी स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसायचा. दुकानाइतकाच त्याचा एका पक्षावर जीव होता. एका निवडणुकीत तो पक्ष सपाटून आपटला. त्यानंतर दादाच्या घरी नातेवाईक जेवायला जमले असताना तो म्हणाला, "मशीनमध्ये घोळ आहे. मला एक मशीन उघडून द्या, मी दाखवतो."

ताई ताटावरून म्हणाल्या, "नाचता येईना अंगण वाकडं."

सगळे हसले. मोठ्या भावावर, त्याच्याच घरी, त्याच्याच ताटावर बसून लोकांना असं हसवू नये. पण ताईंची जीभ तिखट होती आणि त्या दिवशी तिला प्रेक्षक मिळाले होते. दादा हसला नाही. तो शांतपणे म्हणाला, "तू बसतेस त्या मशीनचं ठीक आहे गं. बाकीच्या मशीनवर तू बसतेस का?"

प्रश्न वाजवी होता. पण ताईंनी प्रश्न ऐकलाच नाही; त्यांना ऐकू आलं ते एवढंच, की हा आपल्याला आणि आपल्यासारख्यांना चोर म्हणतोय. त्या हात न धुता उठल्या. "ऐक दादा. ज्या दिवशी माझ्या मशीनमध्ये गडबड होईल ना, त्या दिवशी मी स्वतः तुझ्या दारात येऊन सांगेन. तोवर या घरात पाऊल ठेवणार नाही."

अशी वाक्यं रागाच्या भरात बोलायची असतात, पाळायची नसतात. पण या भावंडांचं सगळंच उफराटं. लाडाने दिलेली वचनं ती खुशाल विसरायची आणि रागातलं वाक्य मात्र सोन्यासारखं जपायची. ताई गेल्या नाहीत. दादाने बोलावलं नाही. एकामागून एक निवडणुका आल्या, ताईंची मशीनं दर वेळी चोख चालली. संध्याकाळी मशीनचा आकडा आणि रजिस्टरचा आकडा जुळला की त्यांना आनंद व्हायचा, आणि घरी येऊन किल्ली फिरवताना वाटायचं, म्हणजे याही खेपेला जाता येणार नाही. हे असं वाटणं त्यांनी कोणालाच सांगितलं नव्हतं. सांगायला होतं कोण म्हणा.

निवृत्तीला थोडाच काळ उरला असताना पुन्हा निवडणूक आली. ताईंना मिळालं ते केंद्र एका प्राथमिक शाळेत होतं. पहिलीचा वर्ग, गुडघ्याएवढी बाकं, भिंतीवर रंगवलेले पाढे. हाताखाली आले एक ड्रॉइंग मास्तर. गोड माणूस, बोलायला लागला की थांबायचा नाही. आणि एजंटांमध्ये दादाच्या पक्षाकडून बसले होते एक निवृत्त पोस्टमन. जन्मभर लोकांच्या दारात बातम्या नेऊन टाकलेला माणूस. सवय काही सुटत नाही.

सरावाचं मतदान झालं. बटणं दाबून झाली. दाराबाहेर रांग लागली होती आणि कोणीतरी आतल्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणत होतं, "सात वाजत आले, उघडताय की नाही?" ताईंनी "बंद"च्या बटणाकडे बोट नेलं. तेवढ्यात पोस्टमन वाकून त्यांच्या तोंडाकडे बघत म्हणाले, "तुम्ही घड्याळवाल्यांच्या भगिनी ना? चेहरा अगदी तोच. आता कशी आहे त्यांची तब्येत? छातीचं ऑपरेशन म्हणजे काही खाऊ नाही हो."

ताईंचं बोट हवेतच राहिलं.

"कधी?" त्यांनी विचारलं.

"अहो, झाले की दोन महिने. तुम्हाला..." पोस्टमनच्या लक्षात आलं की हे पत्र चुकीच्या वेळी टाकलं गेलंय. "आता बरे आहेत म्हणा. खिडकीशी बसतात. दुकान बंद आहे सध्या."

दोन महिने. दोन महिन्यांपूर्वी आपण काय करत होतो, हे ताई आठवू लागल्या. काहीच करत नव्हत्या. रेडिओ ऐकत होत्या. तिकडे दादाची छाती उघडली होती आणि आपण इकडे रेडिओ ऐकत होतो. बाहेरून पुन्हा आवाज आला, मास्तर शाईची बाटली शोधत होते, एजंटांना जागेवर बसायची घाई झाली होती. ताईंच्या हातांनी झाकण लावलं, कागदी पट्टी ओढली, लाख वितळवली, मोहोर उमटवली. जन्मभराच्या सवयीचे हात. त्यांना डोक्याची गरज लागली नाही. "या, वाकून बघा" हे मात्र डोक्याचं काम होतं आणि डोकं तिथे नव्हतं. कोणी आठवणही करून दिली नाही. खरं तर एजंटांना बरंच वाटलं असणार, की यंदा बाईंनी छळलं नाही.

पहिला अहवाल फोनवरून कळवायची वेळ झाली तेव्हा ताईंनी एकूण मतांचं बटण दाबलं. मग मास्तरांच्या रजिस्टरवरचा आकडा बघितला. मग पुन्हा बटण दाबलं. मशीन जास्त दाखवत होतं. सरावात जितकी मतं दाबली होती बरोबर तितकी जास्त.

पायाखालची जमीन सरकते म्हणतात, तसं काही झालं नाही. जमीन होती तिथेच होती. पहिलीच्या मुलांच्या बाकावर गुडघे मुडपून बसलेली एक बाई होती आणि तिला कळलं होतं की जी गोष्ट तिने आयुष्यभर सगळ्यांना वाकून बघायला लावली, ती आज तिने स्वतःच बघितली नव्हती.

आता साफ करता येत नव्हतं. साफ केलं तर सकाळपासून आलेल्या माणसांची मतंही गेली असती. मशीनला सराव आणि खरं यांतला फरक कळत नाही. त्याला जे सांगितलं ते त्याने इमानेइतबारे लक्षात ठेवलं होतं.

रांग जरा विरळ झाली तेव्हा त्यांनी मास्तरांना जवळ बोलावून सांगितलं. मास्तरांचा चेहरा पडला, पण क्षणभरच. मग ते खुर्ची सरकवून कुजबुजले, "ताई, घाबरू नका. सरावात सगळ्या उमेदवारांना सारखीच मतं दिली होती ना? मग कोणाचं काय वाकडं झालं? जिंकणारा तोच, हरणारा तोच. फक्त रजिस्टर जुळवायचं. जे येणार नाहीत अशांच्या नावापुढे तेवढ्या सह्या टाकू. माझ्या हाताला वळण आहे. एक सही दुसरीसारखी दिसणार नाही."

"ही चोरी झाली, मास्तर."

"चोरी कसली? चुकीला केलेली रफू. तुमच्या नोकरीची शेवटची वर्षं आहेत. चौकशी लागेल, पेन्शन लटकेल, पेपरात नाव येईल. आणि मिळणार काय? लोक म्हणणार, बघा, मशीनमध्ये घोळ असतोच."

लोक जाऊ द्या. ताईंच्या डोळ्यांसमोर एकच माणूस होता, खिडकीशी बसलेला. तो काय म्हणेल? आजारातून उठलेल्या माणसाच्या हाती आपण होऊन आपली मान द्यायची? आणि वचनाचं काय? त्या दारात जायचं आणि सांगायचं, की तुझंच खरं? त्यांना मास्तरांचं म्हणणं पटू लागलं होतं. खोटं कशाला बोला, चांगलंच पटू लागलं होतं. त्या "बघू" म्हणाल्या. "नाही" म्हणाल्या नाहीत.

दुपारी एक म्हातारी आली. एका हातात काठी, दुसऱ्या हाताने भिंत धरत. मत देऊन झाल्यावर ती दाराकडे न जाता ताईंच्या टेबलाशी आली. "बाई, माझं मत बरोबर गेलं ना?"

हा प्रश्न दर निवडणुकीत कोणी ना कोणी विचारतंच. ताईंचं उत्तर ठरलेलं असायचं: "शंभर टक्के, आजी." ते जिभेवर आलं आणि तिथेच अडकलं. म्हातारी वाट बघत उभी राहिली. तिला घाई नव्हती. घरी तिची तरी कोण वाट बघत होतं कोणास ठाऊक.

"आजी," ताई शेवटी म्हणाल्या, "मत गेलं. मशीनने घेतलं."

"मग झालं तर," म्हातारी म्हणाली आणि काठी टेकत गेली.

ताई तिच्या पाठीकडे बघत राहिल्या. मशीनने घेतलंच होतं. मशीनने आज एकही चूक केली नव्हती. आणि आता मशीन खरं ठरावं म्हणून न आलेल्या माणसांच्या सह्या करायच्या? दादा यंत्र उघडून बघायला मागत होता. त्याला यंत्रात काही सापडलं नसतं. घोळ असलाच तर तो इथे होता, गोड बोलणाऱ्या मास्तरांत आणि "बघू" म्हणणाऱ्या आपल्यात. या विचाराने त्यांना स्वतःची इतकी किळस आली की त्या उठूनच उभ्या राहिल्या.

"सगळ्या एजंटांनी इकडे लक्ष द्या," त्या मोठ्याने म्हणाल्या. "सकाळी सरावाची मतं साफ करायची राहिली. ती मशीनमध्ये तशीच आहेत. चूक माझी आहे. मी वरिष्ठांना कळवते आहे."

मास्तरांनी डोळे मिटून घेतले. एक एजंट ओरडला, "घोटाळा!" आणि दारातल्यांनी तो शब्द झेलून बाहेर पोचवला. रांगेतले काही लोक परत फिरले. पोस्टमन तेवढे ओरडले नाहीत. त्यांना कुठेतरी कळलं असावं की सकाळी आपण काय केलं. ते ताईंकडे न बघता म्हणाले, "अहो ताई, कशाला सांगितलंत? आमच्या लक्षातही आलं नव्हतं."

निवडणुकीचे मोठे साहेब जीपमधून आले. त्यांनी मशीन बघितलं, रजिस्टर बघितलं आणि म्हणाले, "सराव साफ केला नाही? तुम्ही?" त्यातला "तुम्ही" ताईंना नंतर कितीतरी दिवस ऐकू येत राहिला. मतदान तसंच पुढे चालू ठेवायला सांगितलं गेलं. मशीन वेगळं ठेवायचं, मोजायचं की नाही ते निकालाच्या दिवशी ठरेल. चुकीचं कारण लिहून द्या, साहेब म्हणाले. ताईंनी लिहिलं, "लक्ष नव्हते." साहेबांनी विचारलं, का नव्हतं? ताई म्हणाल्या, "त्याला रकाना नाही, साहेब."

निकालाच्या दिवशी त्यांना मोजणीच्या जागी हजर राहावं लागलं. मोठा हॉल, जाळीमागे एजंटांची गर्दी, टेबलांवर मशीनं, आकड्यांचा पुकारा. ताईंचं मशीन कोपऱ्यात एका स्टुलावर ठेवलं होतं, एकटंच, त्यांच्याच सहीच्या पट्टीसकट. दुपारनंतर एक कारकून आला आणि म्हणाला, "मॅडम, तुम्ही गेलात तरी चालेल. पहिल्या दोघांतला फरक खूप मोठा आहे. तुमच्या मशीनची गरज पडली नाही."

म्हणजे ती म्हातारी, तिच्याआधीचे आणि नंतरचे सगळे, चांगले कपडे घालून आलेले, हसून गेलेले, यांतलं कोणीच मोजलं गेलं नाही. तिने विचारलं होतं, बरोबर गेलं ना? गेलं होतं, पण या स्टुलापर्यंतच. ताईंना तिथेच रडू आलं. हॉलमध्ये इतका गोंगाट होता की त्यांनी ते लपवलंही नाही. यापुढे निवडणुकीचं काम मिळणार नाही, असा आदेश पर्समध्ये होताच. दोन किल्ल्यांच्या शेजारी.

त्या घरी गेल्या नाहीत. बस धरली आणि दादाच्या थांब्यावर उतरल्या. दुकानाचं शटर खाली होतं. जिना तोच. दार वहिनीने उघडलं. ती आश्चर्याने बघत राहिली आणि मग बाजूला झाली, पण ताई उंबऱ्याच्या आत आल्या नाहीत. वचन दारातलं होतं.

दादा खिडकीशी खुर्चीत होता. केवढासा झाला होता. सदरा त्याचा राहिला नव्हता, कोणा मोठ्या माणसाचा वाटत होता.

"दादा," ताई दारातूनच म्हणाल्या, "माझ्या मशीनमध्ये गडबड झाली."

त्याने मान वळवली. मग घड्याळ हातात घेतल्यावर गिऱ्हाइकाला विचारायचा त्याच आवाजात म्हणाला, "मशीनने केली, की तू?"

"मी. सरावाची मतं साफ केली नाहीत."

"तू?" साहेबांचाच शब्द, पण हा लागला नाही. "कशी काय राहिली?"

ताईंनी पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळला, सोडला. "बटण दाबणार तेवढ्यात तुमच्या पोस्टमननी सांगितलं, तुझ्या ऑपरेशनचं." आणि मग जे धरून ठेवलं होतं ते सुटलंच. "मला कळवलं का नाहीस रे? वहिनी, तुम्ही तरी? एवढी का मी परकी झाले?"

वहिनी खाली बघत म्हणाली, "मी फोन हातात घेतला होता. हेच नको म्हणाले. यांना ऑपरेशनला नेत होते तेव्हा म्हणाले, तिच्या मशीनमध्ये गडबड झाल्याशिवाय ती यायची नाही. उगाच तिला शब्द मोडायला लावू नका."

खालच्या रस्त्यावरून कोणाच्या तरी विजयाची मिरवणूक चालली होती; कोणाची, हे बघायला दादाही खिडकीतून वाकला नाही. तो बहिणीकडे बघत होता.

"एवढी वर्षं लावलीस गं," तो म्हणाला, "एक चूक करायला."

वहिनीने दुसऱ्या खुर्चीवरचे वाळलेले कपडे उचलले. ताईंनी चपला काढल्या आणि आत आल्या.